चौथ्या भागातलं गाऱ्हाणं

पहिलं परीक्षण मी डिचोलीच्या बाजारात, माझ्या शिवणाच्या दुकानात बसून वाचलं. मांडीवर गिऱ्हाइकाचा ब्लाऊज, हातात मोबाइल. मुंबईच्या कुणा समीक्षकाने त्या हेरमालिकेची सालटी काढली होती. कथा ओढूनताणून आणलेली, नायक लाकडी, बंदुका जास्त आणि अक्कल कमी. शेवटी मात्र लिहिलं होतं की आठ भागांत एकच माणूस खरा वाटतो, तो म्हणजे चौथ्या भागात देवापुढे उभा राहून मागणं मागणारा निनावी म्हातारा. त्याला ऐकताना अंगावर काटा येतो म्हणे.

तो निनावी म्हातारा म्हणजे माझे बाबा. मी तशीच उठले, समोरून पाव किलो पेढे आणले आणि शेजारच्या भांडीवाल्यापासून कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यापर्यंत सगळ्यांना वाटले. मालिका तोवर मी बघितलीसुद्धा नव्हती. आता ते पेढे आठवले की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

माझं माहेर पेडण्यात, कोरगावच्या पलीकडे. तिथल्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे. आजोबा गेल्यावर बाबा उभे राहिले ते पस्तीसेक वर्षं. एरवी बाबा म्हणजे सरकारी नळखात्यातून निवृत्त झालेला, चार काजूची झाडं राखणारा, चहात पाव बुडवून खाणारा साधा माणूस. पण जत्रेच्या दिवशी नारळ हातात घेऊन देवापुढे उभे राहिले की बघत राहावं. गावच्या देवाला, सीमेवरच्या राखणदाराला, वाटेवरच्या देवचाराला, एकेकाला नावानं हाक मारायची, गावाचं सुखदुःख त्यांच्या कानावर घालायचं, वर्षाचं मागणं मागायचं. आणि दर वाक्याला सगळ्या गावाने एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाव व्हय म्हणतो तेव्हाच मागणं देवाकडे पोचतं, अशी आमच्याकडची समजूत. एकट्याने केलेल्या मागण्याला गाऱ्हाणं म्हणत नाहीत.

हा सगळा घोळ माझ्यामुळे झाला. मालिकेचं शूटिंग तेरेखोल नदीच्या काठावर लागलं आणि गर्दीत उभ्या करायच्या बायकांसाठी चोळ्या हव्यात म्हणून त्यांची एक बाई हुडकत हुडकत माझ्या दुकानात आली. चार दिवसांत चाळीस चोळ्या. कापड बघता बघता ती म्हणाली, एका प्रसंगाला म्हातारा पुजारी हवाय, मंत्र म्हणणारा, कोणी मिळत नाही. मी पटकन म्हटलं, मंत्र कसले म्हणताय, गाऱ्हाणं घाला की, आमचे बाबा घालतात. कुणी विचारलं होतं मला? पण माझी जीभ तोंडात राहील तर ना.

बाबा आधी नाहीच म्हणाले. "लटका गाऱ्हाणा घालूक येना, बाय."

"अरे बाबा, नाटकात मरतत ते काय खरे मरतत?"

"नाटकात मेललो उठान घराक जाता. पण गाऱ्हाणा आयकणारो खरो असता."

आठ दिवस मी त्यांच्या मागे लागले. सगळा गोवा बघेल म्हटलं, देवाचंच नाव होईल म्हटलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते आता लपवून काय उपयोग? डिचोलीला माझ्या सासरी माझ्या माहेरच्यांना पहिल्यापासून रानातली माणसं समजत आले. लग्नात बाबांनी पंगतीत मोठ्याने ढेकर दिली, ती गोष्ट वीस वर्षं झाली तरी सासूबाई सांगतात. माझे बाबा टीव्हीवर दिसावेत आणि यांनी ते सोफ्यावर बसून बघावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शेवटी बाबा आले. लेकीचं मन मोडवेना म्हणून आले.

नदीकाठी त्यांनी थर्माकोलचं देऊळ उभं केलं होतं. आमच्याच गावची तीसेक माणसं दिवसाची मजुरी आणि जेवण घेऊन मागे उभी होती, त्यात मीसुद्धा, मीच शिवलेली चोळी घालून. दिग्दर्शक म्हणजे एक किडकिडीत मुलगा, कानात बाळी. त्याने मदतनिसाकडून सांगायला लावलं की आजोबा, हा तुमच्याच गावचा लेक, मोठ्या कामगिरीवर लांब चाललाय, त्याला यश दे आणि सुखरूप परत आण म्हणून देवाला सांगा. नायकासारखा एक देखणा पोरगा बाबांपुढे हात जोडून उभा राहिला.

बाबांचं तोंडच उघडेना. थर्माकोलच्या देवाकडे बघत नुसते उभे. ऊन चढत होतं, दिग्दर्शक घड्याळ बघत होता, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बाबांनी हळूच त्या खोट्या देवळाकडे पाठ केली आणि टेकडीपलीकडे आमचं देऊळ आहे त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. दिग्दर्शक खूश. म्हणाला, चेहऱ्यावर काय उजेड आलाय बघा! त्याला कसला पत्ता, बाबा कोणाला हाक मारताहेत ते.

सगळ्यांची खरी नावं घेतली बाबांनी. एकही गाळलं नाही. मग म्हणाले, ह्या लेकरान हाती घेतलेला काम फत्ते होऊ दी म्हाराजा. तेच्या वाटेर कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर म्हाराजा. काम फत्ते झाला की पाच नारळांचा तोरण बांधतलंव म्हाराजा. आणि आम्ही सगळ्यांनी, लहानपणापासून अंगात मुरलेली सवय, पोटातून आवाज काढला, "व्हय म्हाराजा!" कॅमेरावाला पोरगा कॅमेरा बंद करायचंच विसरला. दिग्दर्शकाने आणखी एकदा करू या म्हटलं तेव्हा बाबा नदीवर जाऊन हात धुऊन आले होते. "एकदा मागला ता मागला," म्हणाले आणि टेम्पोत जाऊन बसले.

तर असं ते गाऱ्हाणं. परीक्षण वाचल्यानंतरच्या रविवारी दुपारी माहेरी मालिका बघायचा बेत ठरला. आईने भाज्यांचं खतखतं केलं, शेजारपाजारचे सगळे आले, देवळाच्या समितीचे थोरले मानकरी काकाही आले. त्यांना बसायला जनेलाजवळचं कदेल दिलं, खिडकीचा वारा लागावा म्हणून. चौथ्या भागाच्या शेवटाला बाबा दिसले आणि घरात टाळ्या, शिट्ट्या. आई पदराने डोळे पुसत हसत होती. बाबा खाली मान घालून बसलेले, कान मात्र लाल. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तोसुद्धा टाळ्या वाजवत होता. मला हवं होतं ते मिळालं.

मग पाचवा भाग लागला. तो देखणा पोरगा आपल्या बाजूचा नव्हताच. तो शत्रूचा माणूस, गावात सोंग घेऊन राहिलेला. आमच्या माणसांची तटरक्षक दलाची बोट उडवायची, ही त्याची कामगिरी. आणि बोट उडते तिथे त्यांनी पार्श्वसंगीत म्हणून काय वापरावं? बाबांचं गाऱ्हाणं. "वाटेर कोण आडवो इलो तर तेका बाजूक कर म्हाराजा", आणि एक जवान पडतो. "व्हय म्हाराजा", की दुसरा. आमचाच आवाज, तीस जणांचा. कोण कुठला आवाज तेसुद्धा आम्हाला ओळखू येत होतं.

टीव्ही बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं. "तो आपलो न्हय?" त्यांनी विचारलं.

मानकरी काका उठले, चपला शोधल्या. आई चहा घेऊन जा म्हणत राहिली आणि माणसं एकेक करून निघून गेली.

पुढच्या आठवड्यात लोकांनी त्या मालिकेचं काय काय केलं ते मी रोज वाचत होते. नाही वाचलं असतं तर बरं झालं असतं. कुणी लिहिलं, हे कसले गूढ आदिवासी मंत्र? मी खाली लिहिलं, बाबा रे, हे मंत्र नव्हेत, गाऱ्हाणं आहे, शिकून घे. त्याने मला हसायचं चिन्ह पाठवलं. एका शहाण्याने लिहिलं, म्हातारा व्यावसायिक नट असणार, अशी बोली आता कोणी बोलत नाही. पणजीच्या एकाने हे गोव्याचं नव्हेच, सिंधुदुर्गातलं उचललंय असं म्हणून वाद काढला, आणि सावंतवाडीचे लोक अभिमानाने हो हो, आमचंच म्हणून धावून आले. दोघांच्या तोंडाला मी लागले. रात्रंदिवस ही भांडणं, कपडे शिवायचे राहिले, दोन नवऱ्यामुलींचे ब्लाऊज मी वेळेवर दिले नाहीत. काय मिळवलं? मी त्या म्हाताऱ्याची लेक म्हणून बोलतेय, हे तिथे कुणाला ठाऊक होतं?

मग ते रील सुरू झाले. परीक्षेत नापास झाला, "व्हय म्हाराजा". बायकोने लाटणं उगारलं, "व्हय म्हाराजा". एका टोळक्याने बनियनवर छापून घेतलं. डिचोलीच्या बसस्टँडवर कंडक्टर तिकिटं फाडताना म्हणायला लागला. बाबांचा आवाज, पस्तीस वर्षं देवापुढे जपलेला, रिक्षावाल्याच्या मोबाइलची रिंग होऊन वाजायचा. आणि परीक्षणं वाढतच होती. समीक्षकांचं एकमत झालं होतं म्हणे, मालिका टाकाऊ, पण तो प्रसंग अजोड. पापाला पवित्र आवाजाची साथ दिल्याने तो किती भेदक झालाय, असं एकीने दोन पानं भरून लिहिलं. मी ते वाचून मोबाइल कापडाच्या गठ्ठ्यावर आपटला.

गावाचं समीक्षण मात्र एका ओळीचं होतं. म्हाताऱ्यान आमच्या देवाकडे शत्रूसाठी यश मागला.

तुम्ही म्हणाल, खोटंच तर होतं सगळं, मालिकेतलं. मीसुद्धा हेच म्हणत फिरले, दारोदार. पण कुणालाच ते खोटं वाटत नव्हतं. नावं खरी घेतली होती, तोंड खऱ्या देवळाकडे होतं, गाव खरा होता आणि त्याने व्हय म्हटलं होतं. मागणं पोचलं, एवढंच लोकांना कळत होतं. ज्यांनी मजुरी घेऊन व्हय म्हटलं, तेच आता, आम्हाला काय ठाऊक, आम्ही आपले मागून बोललो, असं म्हणायला लागले. त्या वर्षी धुक्याने काजूचा मोहोर जळाला, तो गाऱ्हाण्यामुळे. वळणावर कुणाची पिकअप उलटली, ती गाऱ्हाण्यामुळे. एका बाईची म्हैस गाभडली, तीसुद्धा! मी तिला म्हटलं, काकी, शत्रूला तुझ्या म्हशीशी काय करायचंय गो? तिने माझ्याशी बोलणं सोडलं.

समितीने बाबांना सांगून टाकलं, जत्रेला गाऱ्हाणं दुसरा कोणीतरी घालील. मानकरी काका स्वतः आले होते. रागाने नाही बोलले, तेच वाईट. "तुझ्यार माझो राग ना रे. पण लोकांचा मन थाऱ्यार ना," एवढं म्हणून बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मी भांडायला निघाले तर बाबांनी हात धरला. "बरोबर सांगता तो," म्हणाले. "माझो शब्द थय पडान असा. तो उचलल्याबगर दुसरो शब्द कसो घालू?" म्हणजे बाबांनाही तेच वाटत होतं! सगळ्यांपेक्षा जास्त त्यांनाच वाटत होतं. मी डोकं धरून बसले. गावाशी भांडता येतं हो, पण बापाला कसं समजावणार की बाबा, तू गुन्हा केलेला नाहीस?

एक दिवस ते सकाळीच देवळात गेले आणि गुरवाकडून कौल लावला. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं, मी शब्द मागे घेऊ का? उजवीची पडली तर हो, डावीची पडली तर नाही. मी मागे उभी होते. दहा वाजले, अकरा वाजले, पाकळ्या जागच्या हलेनात. दुपारी गुरवाला जेवायला जायचं होतं, तो चुळबुळत होता. बाबा म्हणाले, "रवूंदी," आणि कौल तसाच सोडून उठले. घरी येताना वाटेत कुणीतरी मोबाइल काढून त्यांचा फोटो घेतला.

मी मालिकेवाल्यांच्या मागे लागले. त्या चोळ्यांवाल्या बाईला रोज फोन. प्रसंग काढून टाका. काढत नसाल तर आवाज तरी काढा. तेही नको तर पाचव्या भागाआधी चार अक्षरं लिहा की ह्या म्हाताऱ्याला कथा सांगितली नव्हती. ती आधी गोड बोलली, मग म्हणाली, ताई, तोच प्रसंग तर लोकांना आवडलाय, तो कसा काढणार? मी रडले फोनवर. खरंच रडले, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना. तिने पत्ता विचारला. मला वाटलं, कागदबिगद पाठवतील. चार दिवसांनी सुक्या मेव्याची टोपली आली, वर बाबांचा मालिकेतला फोटो आणि अभिनंदन. ती टोपली मी उकिरड्यावर नेऊन टाकली आणि मग बदाम वाया जातात म्हणून परत उचलून आणली, इतकं माझं डोकं फिरलं होतं.

मग मला एक युक्ती सुचली. बाबांना जत्रेला उभं राहू द्यायचं, पण वर्षाचं मागणं मागायला नव्हे. तो शब्द मागे घ्यायला, सगळ्या गावापुढे. मी मानकरी काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. काका, गाव व्हय म्हणाला म्हणून ते गेलं ना? मग गावच व्हय म्हणून परत आणील की. काका विचारात पडले. दोन बैठका झाल्या आणि समितीने होकार दिला. काका म्हणाले, पहिलो व्हय मीच म्हणतंय. बाबांना सांगितलं. ते आईला म्हणाले, धोतर धुवून ठेव. त्या दिवशी ते पोटभर जेवले, कित्येक महिन्यांनी. मला वाटलं, सुटले एकदाचे.

जत्रेला मी सकाळीच गेले आणि देवळासमोरची गर्दी बघून वाटेतच थांबले. आमच्या जत्रेला एवढी माणसं कधी येत नाहीत. म्हापशाच्या, पणजीच्या, पार बेळगाव-कोल्हापूरच्या गाड्या लागल्या होत्या. कुणीतरी इंटरनेटवर टाकलं होतं की मालिकेतला म्हातारा आज खरोखर देवापुढे बोलणार. बनियनवर "व्हय म्हाराजा" छापलेली पोरं. काठीवर मोबाइल लावलेल्या पोरी. आमची गावची माणसं सोप्यावर, भिंतीकडेला, पाहुण्यासारखी उभी होती.

बाबा आले. नारळ घेतला, डोळे मिटले, पहिली हाक मारली. गर्दीतून एकदम चीत्कार उठला, एखादा नट रंगमंचावर यावा तसा. बाबा थांबले. परत हाक मारली. आणि मानकरी काकांचं तोंड उघडण्याआधीच मागून शंभरेक पोरं ओरडली, "व्हय म्हाराजाऽऽ!" लांबवून, मालिकेतल्यासारखं, हसत. शिट्टी वाजली.

काकांनी हात वर करून गप्प राहा म्हटलं. कोण ऐकतो! बाबांनी कशीबशी राखणदारापर्यंत नावं घेतली. दर नावाला तेच. गावच्या पुरुषांची तोंडं उघडायची आणि मिटायची, त्या गोंधळात त्यांना स्वतःचा आवाज काढायला लाज वाटत होती. मी बघत होते सगळ्यांकडे, एकेकाच्या तोंडाकडे. म्हणा ना रे! मेल्यांनो, पैसे घेऊन म्हटलात, आता म्हणा ना! मुख्य वाक्य यायचं होतं, शब्द मागे घेतो म्हाराजा, एवढंच. बाबांनी श्वास घेतला. शेजारची एक पोरगी काठी उंच करून मोबाइल अगदी त्यांच्या तोंडाजवळ नेत होती.

मी तिच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला. काय ओरडले ते मला आठवत नाही, नंतर इतर लाखो लोकांप्रमाणे मीही ते मोबाइलवरच बघितलं. घाण शिव्या होत्या. ती रडायला लागली, तिचे मित्र धावून आले, माझा नवरा मधे पडला, ढकलाढकली झाली. आणि शांत झालं तेव्हा बाबांनी नारळ न फोडताच पायरीवर ठेवला होता आणि ते गर्दीतून वाट काढत घराकडे चालले होते. ते वाक्य राहिलंच.

म्हाताऱ्याच्या लेकीचा अवतार, असं त्या चित्रफितीचं नाव. सासूबाईंनी ती बघितली.

वर्ष गेलं. बाबा देवळात जात, पण बाहेरच्या पायरीवरून हात जोडून परतत. आईने कधी मला दोष दिला नाही, मीच तिच्याशी भांडायचे, दे ना गो एकदा शिव्या म्हणून. परीक्षणं थांबली. लोक दुसऱ्या मालिकेकडे वळले, आमच्याकडे आग लावून. तरी मी आशा सोडली नव्हती. दर महिन्याला काकांकडे जायची, यंदा काहीतरी करा म्हणायची. आणि जत्रेच्या पंधरा दिवस आधी काका खरंच आमच्या घरी आले, समितीची आणखी दोन माणसं घेऊन. हातात नारळ. समितीने ठरवलं होतं, यंदा बाबांनीच गाऱ्हाणं घालायचं. नेहमीचं, वर्षाचं, पूर्ण मानाने.

मला आनंदाने काय करू नि काय नको झालं. आईने लगबगीने पाण्याचे तांबे आणले.

बाबांनी विचारलं, "आनी पडललो शब्द?"

त्यातला एकजण म्हणाला, अहो, त्याचं आता कोण काढतंय? गेल्या वेळेला काय गर्दी होती! यंदा पार्किंगला शेत मोकळं करून घेतलंय, स्पीकर लावतोय, पोलिसांनाही कळवलंय. लोक तुमच्यासाठीच येतात. बोलता बोलता तो हसला. काका मात्र जमिनीकडे बघत होते.

बाबांनी नारळ उचलून काकांच्या हातात परत दिला. "माझ्या पुतण्याक सांग," म्हणाले. "तेका येता सगळा." काकांनी तो निमूटपणे घेतला आणि ते गेले.

मी उखडले. इतकं उखडले की विचारू नका. "बाबा! वर्षभर मी लोकांचे पाय धरले! ह्याच तर होया होता मगे!"

बाबा शांतपणे म्हणाले, "तुका होया होता. तेव्हांय आनी आतांय."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी उलट बोलले असते. राग नव्हता. मला कळलं की ह्या माणसाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, माझी सासू, माझा सोफा, सगळं. ठाऊक असून ते त्या नदीकाठी येऊन उभे राहिले होते. मी मागल्या दारी गेले आणि विहिरीच्या कठड्यावर बसून हंबरडा फोडला. आई आली, पाठीवरून हात फिरवत राहिली, मग तिलाही कामं होती, ती आत गेली.

जत्रेच्या दिवशी मी देवळात गेले नाही. बाबांबरोबर घरीच थांबले. ते बाहेर बांकावर बसून सुपात आळसांद्यांचे दाणे निवडत होते. स्पीकर एवढे मोठे लावले होते की चुलतभावाचा आवाज अंगणात बोलल्यासारखा ऐकू येत होता. चांगला घालत होता, खरं सांगायचं तर. बाबांसारख्याच हाका, तोच सूर, कुठे थांबायचं तेही बरोबर. मागून पोरांच्या आरोळ्या होत्याच, पण या वेळी गावानेही आपला आवाज मिसळला होता. त्याने शेतीभाती घेतली, गुरंढोरं घेतली, समुद्रावर गेलेले, बोटीवर गेलेले घेतले. लेकरंबाळं घेतली. आणि नारळ फोडल्याचा आवाज आला, ढोल वाजायला लागला.

मी थांबले, वाटलं अजून असेल. बाबा घालायचे तेव्हा लेकराबाळांनंतर एक वाक्य असायचं, परगावी दिलेल्या लेकी जिथे असतील तिथे सुखी ठेव म्हणून. डिचोलीला, वाळपईला, कुठे कुठे दिलेल्या आम्ही सगळ्या त्या एका वाक्यासाठी जत्रेला यायचो आणि त्या वेळी एकमेकींकडे बघायचो.

"बाबा," मी म्हटलं, "लेकी रवल्यो."

"व्हय, रवल्यो," ते म्हणाले आणि सुपातला एक किडका दाणा वेचून अंगणात टाकला.